मागची नऊ पानं

मिस यूला प्रुइट टाइपरायटरवर बसल्या की डाव्या हाताशी उकडलेल्या शेंगांची वाटी असायची, पण शेंगेला हात लागायचा तो पान संपल्यावरच. मध्येच खाल्लं तर कागदाला मिठाचं बोट लागतं, आणि पुढच्या शंभर वर्षांत जो कुणी तो कागद उघडेल तो आपल्याला गबाळी म्हणेल, हे त्यांचं म्हणणं. गबाळं म्हणवून घेण्याची त्यांना फार भीती. आमच्या लोवरी गावात लोक देवाला भीत, काही जण बायकोला भीत. मिस यूला शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला भीत.

पिनसन काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कोर्टात त्यांनी एकतीस वर्षं जमिनींचे दस्त नोंदवले. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्या सोमवारी नवी रिबन आणली आणि काउंटीचे जुने कागद उतरवून काढायला बसल्या. मृत्युपत्रं, लग्नाचे परवाने, चर्चची इतिवृत्तं. शनिवारी हातात काठी आणि खडू घेऊन गवतातली थडगी वाचत फिरायच्या. साप दिसला तर काठीनं बाजूला सारायचा आणि मृत्यूची तारीख पुन्हा तपासायची.

उन्हाळ्यात लांबलांबचे लोक आपले पूर्वज शोधायला जॉर्जियात येतात. प्रत्येकाला पूर्वज म्हणून यादवी युद्धातला कर्नल हवा असतो. मिस यूला त्यांच्यासमोर शांतपणे कागद ठेवायच्या: पणजोबा साधे शिपाई होते, आणि तेही तिसऱ्या आठवड्यात पळून घरी आलेले. माणूस चिडला तर त्याला पाउंड केकचा तुकडा द्यायच्या, पण कागद मागे घ्यायच्या नाहीत. त्यांचा नियम एकच होता. नाव लिहाल तिथे ते कुठून मिळालं तेही लिहायचं. कुठलं पुस्तक, कितवं पान, कुणी वाचलं. तो नियम त्यांनी स्वतः टाइप करून चौकटीत बसवला होता. आजही लायब्ररीत माझ्या डोक्यावर टांगलेला आहे.

मी त्यांची वाचणारी. १९७६ साली मी एकोणीस वर्षांची होते, त्यांचे डोळे अधू व्हायला लागले होते, आणि माझ्या आईला वाटत होतं की मुलगी पोरांच्या मोटारींतून हिंडण्यापेक्षा मिस यूलांच्या ओसरीवर बसलेली बरी. देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाल्याचं ते साल. जो तो आपली वंशावळ काढायला लागला होता. आई माहेरची मोब्ली; तिला मोब्ली घराण्याचं पुस्तकात छापलेलं नाव हवं होतं. म्हणून मी रोज जुन्या वह्यांतलं तपकिरी अक्षर मोठ्यानं वाचायची आणि मिस यूला टाइप करायच्या.

त्या उन्हाळ्यात पेनिएल क्रीक चर्चच्या इतिवृत्ताची वही आमच्याकडे आली. चर्चचे चिटणीस ती आपल्या घरीच ठेवत. त्यांनी ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून दिली होती. १८२९ ते १८६६. कोण दारू प्यायला, कोण नाचला, कुणी शेजाऱ्याच्या कुंपणावरून शिवीगाळ केली, सगळं त्यात होतं. माझ्या खापरपणजोबांचं नाव, चर्चच्या रिवाजानं ब्रदर अबसालोम मोब्ली, निदान चाळीस ठिकाणी आलं. दर वेळी मी ते जरा जास्तच खणखणीत वाचायची.

वहीच्या शेवटी, उलट बाजूनं लिहिलेली नऊ पानं होती. त्या काळी गुलामही त्याच चर्चचे सदस्य असत. बसायचे वरच्या माळ्यावर, आणि नावं लिहिली जायची वहीच्या मागे. आडनाव नाही, नुसतं नाव, आणि पुढे ते माणूस कुणाच्या मालकीचं ते. आम्ही त्या पानांपाशी पोचलो तो शुक्रवार होता. चार वाजले होते, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, आणि सहा वाजता मला तळ्यावर जायचं होतं. पहिल्याच पानावर तिसरी ओळ होती: एप्रिल १८५१, जुनो, ब्रदर अबसालोम मोब्ली यांची, आणि तिची मुलगी झिल्फा.

आमच्या घरी तेव्हा एक शिकारी कुत्री होती. तिचं नाव जुनो. मला हसू आवरेना. मिस यूलांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी ओळ वाचून दाखवली, पण लिहिली होती तशी नाही.

"जुनो," मी म्हणाले, "आणि तिचं पिल्लू झिल्फा."

मिस यूलाही हसल्या. त्या हसल्या म्हणून मला आणखी चेव आला. मी म्हणाले, पुढे नऊ पानं अशीच आहेत. ना आडनाव, ना घराणं. यात आपलं कुणी नाही, आणि हे शोधत कोण येणार आहे? ज्या ओळीत माझ्या खापरपणजोबांचं नाव लिहिलेलं होतं तिच्यावर बोट ठेवून मी म्हणत होते की यात आपलं कुणी नाही.

मिस यूलांचे हात कळांवरच राहिले. माझ्या आईशी त्यांची जुनी मैत्री होती, उकाडा त्यांनाही होत होता, आणि खरं सांगायचं तर त्याही याच गावच्या होत्या. त्यांनी कागद यंत्रातून काढला आणि शेंगांची वाटी पुढे ओढली. त्या दिवशी मी पावणेसहाला तळ्यावर होते.

पुस्तक छापून आलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं: पेनिएल क्रीक चर्चचं इतिवृत्त, संपूर्ण. आईनं सहा प्रती घेतल्या.

पाच वर्षांनी एका सकाळी मिस यूला अधू डोळ्यांनी एकट्याच गाडी काढून चर्चच्या चिटणिसांच्या घरी गेल्या. राहिलेली नऊ पानं उतरवायला बरोबर टाइपरायटर घेतला होता. चिटणीस वारून महिना झाला होता. मुलांनी घर आवरताना जुने कागद परसातल्या पिंपात घालून जाळले होते, त्यात उशीचा अभ्राही गेला. मिस यूला परत आल्या त्या सरळ लायब्ररीत, माझ्या टेबलाशी. मी तेव्हा नुकतीच तिथे नोकरीला लागले होते. त्यांनी कपाटातून आमचं पुस्तक काढलं, पेन मागितलं, आणि पहिल्या पानावरचा 'संपूर्ण' हा शब्द काळ्या शाईनं खोडला. एकदा नाही, चार-पाचदा. लायब्ररीच्या पुस्तकात पेन चालवणाऱ्यांचा आयुष्यभर राग केलेली ही बाई. पेन परत देताना त्या एवढंच म्हणाल्या की वही गेली. मला त्यांनी एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर त्यांनी आणखी अकरा पुस्तकं केली. एकाही पुस्तकावर तो शब्द घातला नाही. मागची पानं आधी वाच, असं मला सांगायच्या, आणि मी वाचायची. एकदा एका वहीत गुलामांची चारशे नावं निघाली, ती त्यांनी ताप असताना बसून टाइप केली. पण पेनिएल क्रीकची नऊ पानं काही परत आली नाहीत. ९८ साली त्या गेल्या. त्यांच्या नावाची पितळी पाटी लायब्ररीतल्या जुन्या कागदांच्या खोलीला लागली आणि खोलीची किल्ली माझ्याकडे आली.

आता ओडेसा गेन्स यांच्याबद्दल. मी शाळेत होते तेव्हा त्या आमच्या जेवणघरात स्वयंपाक करायच्या. अख्ख्या शाळेचा पाव भाजणाऱ्या बाईंना आम्ही सहा-सात वर्षांची पोरं 'ए ओडेसा' म्हणायचो, आणि त्या आम्हाला 'मिस' म्हणायच्या. गावाची रीतच तशी होती आणि मी मोठी झाल्यावरही ती बदलली नाही. त्या माहेरच्या मोब्ली. हे आडनाव गावात दोन रंगांत आहे, गोऱ्या आणि काळ्या. त्यावर कुणी बोलत नाही.

२००४च्या जुलैमध्ये त्या खोलीत आल्या. चाळीस वर्षं लायब्ररीवरून जात होत्या, पण या खोलीत पाऊल टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रविवारच्या कपड्यांत होत्या आणि हातात शाळकरी वही. कोपऱ्यात टेक्ससहून आलेला एक गृहस्थ आपला कर्नल शोधत बसला होता.

त्यांनी बसताक्षणी काम सांगितलं. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडचे सगळे मोब्ली जमणार होते, डेट्रॉइटपासूनचे. सगळ्यांसाठी सारखे सदरे छापून घ्यायचे होते. पाठीवर घराण्याचं झाड. छापणाऱ्याला शुक्रवारपर्यंत नावं हवी होती. त्या १८७०च्या शिरगणतीपर्यंत पोचल्या होत्या. तिच्या मागे गेलं की गुलामीचा काळ, त्यांच्या लोकांची नावंच नाहीत, नुसती वयं आणि आकडे. त्यांची सगळ्यांत मागची बाई १८७० साली एकतीस वर्षांची होती. तिची आई कोण, एवढं त्यांना हवं होतं.

"माझी थोरली बहीण ब्याण्णवची आहे, मिस विनेल," त्या म्हणाल्या. "म्हणते, झाडाच्या तळाशी आई पाहिजे. तुमच्या चर्चच्या पुस्तकात असेल असं कुणीतरी सांगितलं. आमच्या बाईचं नाव झिल्फा."

मी पुस्तक काढायला उठले ते तोंड कपाटाकडे व्हावं म्हणून. मला नाव माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांत मी असंख्य नावं वाचली आणि विसरले, हेच एक विसरले नव्हते, आणि का विसरले नव्हते तेही मला माहीत होतं. पुस्तक त्यांच्यापुढे ठेवून मी म्हणाले की यात फक्त गोऱ्या सदस्यांची नावं आहेत, मूळ वही जळाली. मग वर आणखी म्हणाले, "मिस यूलांनी ती पानं घेतलीच नाहीत, ओडेसा. त्या काळच्या बायका तशाच होत्या."

मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. खोटंही नव्हतं म्हणा, आणि म्हणूनच मला आजही त्या वाक्याची शिसारी येते.

ओडेसाबाईंनी मान हलवली. त्यांना त्याचं नवल वाटलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटायच्या आधी पहिलं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे कुणी खोडलंय?"

मी म्हणाले, मिस यूलांनी.

"का?"

त्या पानावर पेन दाबल्यानं कागद फाटायला आला होता. मला एकदम ती सकाळ आठवली. ती बाई सतरा वर्षं माझं नाव न घेता जगली, आणि मी तिला पहिल्याच संधीला विकून टाकलं होतं. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि सगळं सांगितलं. वाचत मी होते. यात आपलं कुणी नाही, असं मी म्हणाले. मला तळ्यावर जायचं होतं.

"मिसेस गेन्स," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अशी हाक मारत होते. "तुम्हाला हवंय ते नाव मला ठाऊक आहे. जुनो. एप्रिल १८५१. जुनो आणि तिची मुलगी झिल्फा."

ते नाव त्यांनी ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं. मग वही उघडली, पेन्सिलला टोक आहे का पाहिलं आणि लिहिलं. तेवढ्यावर भागेल असं मला क्षणभर वाटलं, इतकी मी कोडगी. पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या चौकटीकडे गेली.

"कुठून मिळालं ते लिहायचं असतं ना?"

"माझ्याकडून," मी म्हणाले. "मी वाचलं होतं."

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी. हजार नावांतलं हे एकच कसं लक्षात राहिलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. नाव वेगळं होतं, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. टेक्ससचा गृहस्थ पानं उलटायचा थांबला होता. मी कुत्रीचं सांगितलं. पिल्लाचंही सांगितलं, आणि आम्ही दोघी हसलो तेही.

मिसेस गेन्स यांनी मान वर केली नाही. त्या लिहीत राहिल्या, शाळेत शिकवतात तशा गोल अक्षरात, न घाई करता. लिहून झाल्यावर त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे सरकवली.

"तू मोठ्यानं वाचायचीस ना, विनेल? वाच. बरोबर उतरलंय का बघू."

मी वही हातात धरली. मग मी वाचलं: जुनो, झिल्फाची आई, अबसालोम मोब्लीच्या मालकीची, पेनिएल क्रीक चर्चमध्ये एप्रिल १८५१. वही जळाली. हे विनेल हॅचर हिच्या तोंडून, अबसालोमच्या खापरपणतीच्या. हिच्या घरी या नावाची कुत्री होती म्हणून हिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून हिला आठवतं.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, बरोबर आहे. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. उद्या मंगळवार, लिहिलंय ते छापणाऱ्याकडे वेळेत पोचेल, असं म्हणत त्या उठल्या.