सरावाची ओळ

जाहिराती लिहायची नोकरी मला लागली नव्हती, लागायची होती. फोर्टातल्या एका कचेरीत मला तीन आठवडे उमेदवारीवर बसवून घेतलं होतं. शेवटच्या सोमवारी एका टॉनिकची मराठी जाहिरात लिहून द्यायची. पसंत पडली तर नोकरी, नाहीतर आईच्या खाणावळीत ताटं उचलायला मी मोकळा. वडील मागेच गेले होते. आई लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत गिरणीतल्या माणसांना जेवू घालायची, आणि मॅट्रिक झालेला एकुलता एक मुलगा, तिचा झील, तिचे पांग कधी फेडतो इकडे सगळ्या चाळीचं लक्ष होतं.

साहेब गिरगावातले, बोलायला मऊ. माझा पहिला कागद वाचून ते म्हणाले, "हा निबंध झाला. निबंधाला मार्क मिळतात, गिऱ्हाईक थांबत नाही." हात ओले असलेली बाईसुद्धा वाचायला थांबली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग मी सरावाला लागलो. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती हाताने उतरवून काढल्या, एकेक ओळ दहा तऱ्हांनी लिहिली, मोरीत जाऊन मोठ्याने म्हटली. पण मोरीतल्या भिंती थांबल्या काय नि गेल्या काय.

तेव्हा मला चाळीच्या फळ्याची आठवण झाली. जिन्यापाशी तो टांगलेला असे. चळवळीचे दिवस होते; सभा कुठे, मोर्चा कधी निघणार, हे त्यावर लिहीत. इराण्याच्या दुकानात कुणाचा फोन आला तर तो निरोपही तिथेच पडे. मी पहाटे गुपचूप उठून, अक्षर बदलून, त्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहू लागलो आणि वर गॅलरीत उभा राहून किती जण थांबतात ते मोजू लागलो. साबणाच्या ओळीला दोघे थांबले. केसांच्या तेलाला एकजण, तोही विडी पेटवायला. पोरांचा चावटपणा समजून दुपारपर्यंत कुणीतरी पुसून टाकी.

फोर्टावर मोर्चा निघायचा होता त्या दिवशी सकाळी मला टॉनिकची ओळ सुचली. बाकी मजकूर मुद्दाम गाळून मी तेवढीच लिहिली: 'आई, तुमचा मुलगा बरा आहे ना?' आणि कामावर गेलो.

दुपारी फोर्टात गोळीबार झाला. कचेरीची दारं लावून घेतली. निवळलंसं वाटल्यावर आम्हाला मागच्या गल्लीतून सोडलं. बस नाही, ट्राम नाही. भायखळ्यापर्यंत मी जवळजवळ पळतच आलो. वाटेत आईची काळजी वाटली नाही. ती घरात सुखरूप आहे असं मी धरून चाललो होतो. काळजी होती ती सोमवारची. हे लिहिताना आजही लाज वाटते.

चाळीत शिरलो तर फळ्यासमोर हीऽऽ गर्दी. वीस-पंचवीस बाया नुसत्या उभ्या. क्षणभर, अगदी क्षणभर, मला आनंद झाला. मग त्यातल्या एकीने मला पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

आमच्याकडे वाईट बातमी कधी सरळ लिहीत नाहीत. माणूस गेलेला असला तरी तारेत 'प्रकृती गंभीर, निघून या' असंच येतं, आणि गावाकडची माणसं तेवढ्यावरून काय ते समजतात. सकाळी मोर्चाच्या घाईत कोपऱ्यातली ओळ कुणी वाचलीही नव्हती, पुसलीही नव्हती. फोर्टात गोळ्या सुटल्या आणि फळ्यावर कुणीतरी इतक्या हळुवार शब्दांत मुलाची चौकशी केली आहे, म्हणजे निरोप उघडच होता. फक्त तो कुठल्या आईला, एवढंच ठरायचं होतं. मोर्चाला गेलेले एकेक करून परत आले. चाळीतला फोर्टात कामाला जाणारा मी एकटा. आईला वाचता येत नव्हतं. जेवायला आलेल्या एकाने तिला ती ओळ वाचून दाखवली आणि चुलीवरचा भात तसाच टाकून ती परळच्या इस्पितळाकडे धावली होती.

मी धावलो. रस्त्यात दगड पडले होते, नाक्यावर पोलीस उभे होते, आणि ही बाई त्यातून एकटी कशी गेली असेल ते मला कळेना. देवाला काय काय बोललो ते आता आठवत नाही. इस्पितळाच्या फाटकाशी पायरीवर ती बसलेली दिसली. मी समोर उभा राहिलो तरी तिला पटेना. माझा हात, खांदा, डोकं चाचपून पाहिलं. मग रडली.

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. ओळ माझी होती, सरावाची होती, टॉनिकची होती. ती मला मारील असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पदराने तोंड पुसत आपल्या मालवणीत म्हणाली, "आत तीन चादरी उचलूक लावलंय मी. तू नाय, म्हणान तीनय खेपेक माका बरा वाटला. कोणाचे तरी झीलच होते रे ते."

घरी आल्यावर मी ओल्या फडक्याने फळा पुसला.

रविवारभर मी दुसरी ओळ शोधत बसलो. चाळीस तरी लिहिल्या असतील. एकही त्या ओळीच्या जवळपास गेली नाही, आणि ती किती चांगली आहे हे आता माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सोमवारी साहेबांच्या टेबलावर मी तीच ठेवली. त्यांनी दोनदा वाचली आणि मला ठेवून घेतलं.

आईने चाळभर साखर वाटली. पुढे जाहिरात पेपरात आली तेव्हा मी ती तिच्यापुढे धरली. तिने छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी तिला दुसरंच काहीतरी वाचून दाखवलं.