शपथविधीच्या संध्याकाळी आईने धरलेली जागा

लातूरच्या घराला कुलूप लावल्यावर आईने ते ओढून पाहिलं आणि मग मलाही ओढून पाहायला लावलं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. बॅगा रिक्षात चढल्या होत्या, विहारातल्या बायका गल्लीत जमल्या होत्या आणि शेजारच्या काकू पुन्हा पुन्हा एकच बोलत होत्या, "आता कशाला येतीस परत? लेकीनं नेलं म्हणजे नेलंच." आईने किल्ली त्यांच्याच हातात दिली आणि मोगऱ्याला पाणी घालायला बजावलं. रिक्षा वळल्यावर मला म्हणाली, "महिन्याभरात परत आले तर हसू नका म्हणावं."

मी त्याच गल्लीतून निघाले होते त्याला आता अठरा-वीस वर्षं झाली. तेव्हा एसटी स्टँडवर बाबांनी गाडी फलाटाला लागायच्या आधीच धावत जाऊन खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकला होता. "जागा धरली की निम्मा प्रवास झाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे पुणे, पीएचडी, मग सिंगापूर. इथे मी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, कारण शहराच्या मध्यावर राहणं आपल्याला झेपत नाही. नवरा महिन्यातले निम्मे दिवस कामासाठी मलेशियात, पेनांगला असतो. मुलगी मैत्री इथेच जन्मली, आता तिसरीत आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि शेवटी इथल्या बोलीतला एक 'लाह' चिकटलेला असतो.

जे गावी राहिले त्यांना वाटतं, इकडे आलेले सुटले. इकडे आलेल्यांना ठाऊक असतं की आपण एका पासवर, म्हणजे मुदतीच्या परवान्यावर, उभे आहोत. आई आली ती पाहुणी म्हणून, थोड्या मुदतीच्या पासवर. तिला कायम जवळ ठेवायचं तर लाँग-टर्म पास हवा होता. त्याचा अर्ज मी केला होता आणि उत्तराची वाट बघत होते. नकार आला तर कारण कळेलच असं नाही, असं लॅबमधल्या जुन्या मंडळींनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे मी अगदी शहाण्या मुलीसारखी वागत होते. रिकाम्या रस्त्यावरही हिरवा दिवा लागल्याशिवाय मी पाऊल टाकत नव्हते. घरात आईने खलबत्त्यात चटणी कुटायला घेतली की खाली चार घड्यांचं सतरंजीचं आसन घालत होते, खालच्या मजल्यावरून तक्रार जायला नको म्हणून.

आईला स्वतःला हे गाव पहिल्याच आठवड्यात आवडलं, आणि त्याचं कारण होतं हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली भरलेला खाण्याच्या स्टॉलांचा बाजार. तिथल्या गर्दीत रिकाम्या टेबलांवर टिश्यूची पाकिटं, छत्र्या, गळ्यातली ओळखपत्रं ठेवलेली पाहून तिने विचारलं, "हे काय, माणसं विसरून गेली?" मी सांगितलं, ही जागा धरलेली आहे, याला इथे 'चोप' म्हणतात, माणसं जेवण आणायला गेलीत. आईचे डोळे चमकले. "अगं, म्हणजे आपली एसटीच की!" त्यानंतर ती कुठेही गेली की आधी आपली कापडी पिशवी ठेवायची आणि मग निवांत फिरायची. दवाखान्यातल्या खुर्चीवर, लिफ्टजवळच्या बाकावर. लातूरच्या साडीच्या दुकानाची ती पिशवी, तिच्यावर मोठ्या मराठी अक्षरांत दुकानाचं नाव. मैत्री वैतागायची. "आजी, चोप ओन्ली अ‍ॅट हॉकर, लाह. नॉट एव्हरीव्हेअर!" आई तिच्या गालाला हात लावून म्हणायची, "बरं बाई, मास्तरीणबाई."

त्याच सुमारास नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीची बातमी आली. आईने टीव्हीवर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मांडव कुठाय?" आपल्याकडे साधा राज्यमंत्री शपथ घेणार म्हटलं तरी आदल्या दिवसापासून बांबू रोवले जातात, पोलीस झाडाखाली बसून डबे खातात, ट्रक भरभरून माणसं येतात. इथे कुठेच काही दिसत नव्हतं. रस्ते रोजच्यासारखे स्वच्छ. फरक एवढाच की एमआरटीतली, म्हणजे इथल्या मेट्रोतली, ती सूचना, बेवारस वस्तू दिसली तर कर्मचाऱ्यांना कळवा, माझ्या कानाला आता जरा जास्तच वेळा ऐकू येत होती. चार भाषांत यायची आणि प्रत्येक भाषेत तितक्याच शांत आवाजात. मैत्रीच्या शाळेत त्याच आठवड्यात हल्ला झाला तर लपायचं कसं याचा सराव झाला, सगळी मुलं बाकांखाली आवाज न करता बसली म्हणे. ती हे सांगत होती तेव्हा फार खूश होती. बंदोबस्त दिसला की त्याला टाळून जाता येतं. न दिसणारा बंदोबस्त कुठून कुठपर्यंत आहे हेच कळत नाही.

आईने हट्ट धरला, बघायला जायचंच. शपथविधी आत, इस्तानामध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासात, फक्त निमंत्रितांसमोर होणार होता. मी तिला समजावलं की बाहेरून फक्त फाटक दिसेल. "मग फाटक बघू. गाडी तर जाईल ना फाटकातून?" तिने धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, गोल स्टीलच्या डब्यात भरून फडक्यात बांधलं. शपथविधीला शिदोरी घेऊन जाणारी सिंगापुरातली ती एकटीच असावी.

फाटकासमोर एक छोटी बाग आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गर्दी नव्हतीच, थोडे पर्यटक, कॅमेरे घेतलेली चार माणसं. साध्या शर्टातले काही तरुण नुसतेच उभे होते, त्यांच्या कानात वायर होती आणि ते फाटकाकडे सोडून बाकी सगळीकडे पाहत होते. एक कुत्रा झुडपं हुंगत गेला. कचराकुंड्यांची तोंडं बंद केलेली होती. वर कुठेतरी हेलिकॉप्टरचा आवाज येत होता, पण ते दिसत नव्हतं. आईला हे सगळं जत्रेच्या आधीच्या शांततेसारखं वाटत असावं, कारण तिने समोरचा रस्ता नीट दिसेल असा बाक हेरला आणि तिथे ऐसपैस बसली.

मी आणि मैत्री कठड्याशी गेलो. रस्त्यावरून पोलिसांच्या मोटारसायकली सरकू लागल्या होत्या आणि मी फोन वर धरून चित्रण करत होते. मागे काय झालं ते मला नंतर कळलं. आईला बाथरूमला जायचं होतं. आम्ही हाकेच्या अंतरावर होतो, पण तिला हाक मारायची गरज वाटली नाही. एवढा चांगला बाक दुसऱ्याने घेऊ नये म्हणून तिने पिशवी बाकाच्या मधोमध ठेवली आणि ती बाथरूमची पाटी शोधत निघून गेली.

मैत्री माझ्याजवळून कधी सरकली तेही मला कळलं नाही. मला एकदम एवढंच जाणवलं की मागे आवाज थांबलेत. वळून पाहिलं तर बाकाभोवती मोठं रिकामं वर्तुळ झालं होतं. साध्या शर्टातली माणसं हात पसरून लोकांना मागे नेत होती. "मॅडम, प्लीज मूव्ह बॅक. प्लीज." कुणी ओरडत नव्हतं. आणि त्या रिकाम्या जागेच्या मधोमध साडीच्या दुकानाची पिशवी, आत काहीतरी गोल आणि जड, फडक्यात गुंडाळलेलं. तिच्यावरची अक्षरं तिथे माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती. मी "दॅट्स माय मदर्स" असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या बाजूने आई आली.

तिला काय दिसलं असेल? आपली पिशवी दिसली आणि आपला बाक रिकामा असल्याचं समाधान वाटलं. ती झुडपांमधल्या पायवाटेने, पदर सारखा करत, सरळ पिशवीकडे निघाली. "स्टॉप! मॅडम, स्टॉप देअर!" आईला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलतायत. दोन माणसांचे हात कमरेकडे गेले. मी जन्मात कधी आईवर आवाज चढवला नव्हता, पण तेव्हा माझ्या घशातून जे निघालं ते मला अजून ऐकू येतं.

"आई, थांब! हलू नको! हात वर कर!"

ती थांबली. मी तिला हात वर करायला सांगितलं होतं, तिने केले. तशीच उभी राहिली, हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरलेल्या, आणि माझ्याकडे बघत राहिली. बाबा गेल्यावर विहारातल्या बायकांनी सांगूनही तिने त्या काढल्या नव्हत्या.

पुढचं सगळं अतिशय सभ्यपणे झालं. मी सगळं समजावून सांगितलं. तरी डबा एका अधिकाऱ्याने उघडला, धपाटे एकेक करून वर उचलून पाहिले. चटणीकडे त्याने जरा जास्त वेळ पाहिलं. आईचा पासपोर्ट, माझा पास, पत्ता, फोन, सगळं टिपून घेतलं. शेवटी "थँक यू फॉर युवर कोऑपरेशन" म्हणून त्याने पिशवी दोन्ही हातांनी आईला परत दिली. या गडबडीत नव्या राष्ट्राध्यक्षांची गाडी फाटकातून आत गेली, ती आमच्यातल्या कुणालाच दिसली नाही.

परतीच्या एमआरटीत आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, अर्जावरचं नाव आणि आज टिपलेलं नाव एकच आहे. मैत्री समोर उभी होती. ती सहज म्हणाली, "आय टोल्ड द ऑफिसर, ममा. अबाऊट द बॅग."

"तुला माहीत होतं ना ती आजीची आहे?"

"येस. बट नोबडी देअर, व्हॉट. रूल इज रूल, लाह."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर डब्यात मी तिला नको नको ते बोलले, आणि मराठीत बोलले, कारण मला दुसऱ्या कुठल्याच भाषेत इतकं चिडता येत नाही. मैत्रीचे डोळे भरले, पण तिला आपलं काय चुकलं हे खरंच समजत नव्हतं. आईनेच माझा हात धरला. "तिला बोलू नको. हे तिचं गाव आहे. आपल्या गावात परकं काही दिसलं तर माणूस सांगणारच." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "माझ्याकडं बघून माणसं मागं सरली गं, सुजाता. असं कधी झालं नव्हतं."

त्यानंतर कुणी आलं नाही, कुणाचा फोन आला नाही. मला त्याचीच धास्ती वाटायची. दाराची बेल वाजली की मी आधी आईच्या खोलीकडे बघायची. आई बदलली होती. हॉकर सेंटरला आली तर टेबलापाशी उभीच राहायची, आम्ही जेवण आणेपर्यंत. घरातही सोफ्याच्या कडेला बसायची, पाहुण्यासारखी. खलबत्ता तिने कपाटात ठेवून दिला.

आणि मग पास मंजूर झाला. काहीच घडलं नव्हतं म्हणायचं, की सगळं पाहून, मोजून ठीक ठरवलं गेलं होतं, मला आजही माहीत नाही. मी रडतच आईला सांगितलं. तिने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "चांगलं झालं. आता कुणी म्हणायला नको की हाकलून दिलं म्हणून गेली. माझं तिकीट काढ."

मी खूप विनवण्या केल्या. मैत्रीने तर शाळेतली हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं वापरलं. आईचं ठरलेलं होतं. विमानतळावर काचेच्या दारापाशी ती मैत्रीला किती वेळ कुरवाळत होती. मग मला म्हणाली, "मैतूचं गाव हे. माझं लातूर. तुझं कुठलं गं?"

मी म्हटलं, "जिथं तू असशील ते."

"आणि मी गेल्यावर?"

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, दारात, एकमेकींचे हात धरून. मागून मैत्रीने माझी ओढणी ओढली आणि हळूच म्हणाली, "ममा, इथे नको ना उभं राहू. पीपल क्यूइंग, लाह." आम्ही सॉरी म्हणून बाजूला झालो.