केळ्यावरचा आळ

धुळ्याच्या दवाखान्यातल्या त्या नर्सबाई नावाआधी विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं?" सांगितलं, की पुन्हा, "अजून काय?"

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या अंगावर चट्टे उठायचे, ओठ सुजायचे. असोद्याला आमची केळीची बाग, म्हणून सगळ्यांनी दोष केळ्यालाच दिला. बाई म्हणाल्या, "आधी संशयाचं बठ्ठं, सगळंच बंद कर. मग एकेक पदार्थ सुरू करू. रोज लिहून ठेव, माय."

केळ्याची पाळी आली, तेव्हा त्यांनी आम्हांला दवाखान्यातच बोलावलं. स्वतःचं जेवण बाजूला ठेवून, इंजेक्शन तयार ठेवून त्या दुपारभर मुलीजवळ बसून राहिल्या. काहीच झालं नाही. पुढे माझ्या वहीतल्या नोंदींतून सापडला तो शेंगदाणा. आमच्या प्रत्येक भाजीत त्याचा कूट असायचा. तो बंद केला आणि पोरीचं अंग साफ झालं.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बाईंची पाठ थोपटली. बाईंनी मला दंडाला धरून पुढे केलं. "साहेब, हिनं लिहायचा एक दिवस चुकवला नाही, म्हणून सापडलं."

डॉक्टरांनी माझी वाकडीतिकडी अक्षरं उभ्याउभ्या वाचून काढली. मी चौथी शिकलेली बाई, पण तेव्हा खाली मान घातली नाही.