सुमनने मोजलेली प्लेट

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो हा, की चला, आता हिच्या सत्काराला टाळ्या वाजवायला जळगावला जावं लागणार नाही. मग लाज वाटली... मग रडले. महिना झालाय, पण क्रम हाच होता.

आम्ही दोघी जळगावला एकाच सरांकडे संशोधन करायचो. प्लेटमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींना केमोची दोन औषधं एकत्र द्यायची आणि किती पेशी जगल्या ते मोजायचं, हे आमचं काम. श्रावणात धुळ्याला आमच्या घरी कानबाई, आम्हा खानदेशींची देवी, बसणार होती. धुळ्याची बस गाठायच्या गडबडीत एका प्लेटमध्ये दुसरं औषध घालायचं मी विसरलेच. प्रसादाचे रोट खाऊन दोन दिवसांनी परतले, चूक दिसली, गुपचूप औषध घातलं. पण सुमनच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ! तिने पकडलंच, तशी मी प्लेट फेकायला निघाले, तर यावलची ही बया आडवी आली. "टाकू नको व माय! मोजू तं दे."

सगळ्यात कमी पेशी त्याच प्लेटमध्ये जगल्या होत्या. मी म्हटलं, योगायोग. ती मात्र पुढे कितीतरी वर्षं तेच करत बसली... आधी कोणतं औषध, नंतर कोणतं, मध्ये किती तास. कमी मात्रेतही काम होतं हे तिने पेशींवर दाखवलं, मग उंदरांवर. नाव झालं. आणि प्रत्येक भाषणात हसत सांगायची, "ही चूक आमच्या लताची बरं का!" लोक हसायचे. माझा नुसता जळफळाट. चूक माझी आणि हार हिच्या गळ्यात! एकदा तोंडावर म्हणाले, "पुरे कर ना माझी शोभा." ती गोंधळली. "शोभा कसली, लते? तुझं नाव घेते मी." त्यानंतर मी तिच्याशी बोलणंच कमी केलं.

परवा तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिची विद्यार्थिनी काम करत होती. प्रत्येक प्रयोगात एका प्लेटला दुसरं औषध मुद्दाम दोन दिवस उशिरा द्यायचं, हा सुमनचा नियम. त्या प्लेटवर 'लता' लिहिलेलं. "ही लता प्लेट," पोरगी म्हणाली, "मॅडम दरवेळी स्वतः नाव घालायच्या." मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

सुमनच्या जागी मी असते तर तिचं नाव असं लिहिलं असतं? छे! दुसऱ्या कुणी लिहिलेलंही पुसून टाकलं असतं. आणि माझा हा स्वभाव तिला पहिल्यापासून माहीत होता... तरी लिहीत राहिली.