टोपलीत चेंडू टाकायचा पगार

माझ्या उंचीचा आमच्या घरात कुणालाच उपयोग नव्हता. कारापूरच्या घराची चौकट रोज कपाळाला लागायची, आणि आईला एकच काळजी, एवढ्या उंच मुलाला कोण मुलगी देणार. गोव्याला राज्याचा दर्जा मिळण्याच्या आधीची ती एक-दोन वर्षं. पाळी गावातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर वजनकाट्यावर कारकून हवा होता, म्हणून मी दाखले घेऊन गेलो. मालकाच्या पुतण्याने दाखले बाजूला ठेवले, मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारली.

"बास्केटबॉल खेळलायस?"

"नाही, साहेब."

"शिकशील. उंची शिकवता येत नाही."

मुंबईला शिकताना हा खेळ या पुतण्याच्या, म्हणजे आमच्या साहेबाच्या, डोक्यात शिरला होता. दोन शेजारच्या खाणींच्या मालकांनाही त्याने तो चिकटवला, आणि तिन्ही खाणींमध्ये स्पर्धा सुरू झाली. आमचं मैदान खनिजाच्या ढिगाशेजारी. पहिल्या पाच मिनिटांत चेंडू लाल, आम्ही लाल, आणि पंच म्हणून येणारे साखळी गावच्या शाळेतले ड्रिलमास्तर शिंकत असायचे. पगारावर खेळभत्ता मिळायचा. आईचा त्यावर विश्वास बसेना.

"चेंडू उडोवपाचे पैशे दितात तुका? मग काट्यार कित्याक बसयतात?"

संघात आम्ही आठजण. कप्तान पेडण्याचा, खाणीवर टाइमकीपर, चाळिशीला टेकलेला आणि टक्कल पडलेला. त्याचा उजवा गुडघा जिना चढताना दाराच्या बिजागरीसारखा वाजायचा. खरा खेळाडू मात्र एकच, बेळगावकडचा टिपर ड्रायव्हर. डावखुरा, माझ्याहून बोटभर बुटका, पण त्याने लांबून टाकलेला चेंडू टोपलीत असा पडायचा की साहेब खुर्चीतून उठून उभा राहायचा. बाकी आम्ही सातजण त्याला चेंडू नेऊन देणारे हमाल.

मग शेजारच्या खाणीने त्याला दुप्पट भत्ता आणि नळ असलेली खोली देऊ केली. आमच्या साहेबाने त्यावर चढवलं. तिसऱ्या खाणीने स्कूटरचं नाव काढलं. महिनाभर हे चाललं आणि मग तिन्ही मालकांच्या लक्षात आलं की यात मजा फक्त ड्रायव्हरची होते आहे. एका दुपारी ते आमच्या गेस्टहाउसवर जेवायला जमले. तिथे वाढायला असलेल्या म्हाताऱ्या शिपायाने संध्याकाळी काट्यावर येऊन मला सांगितलं, "ठरलं. एका संघामागे महिन्याला अमुक इतकेच पैसे. त्यावर कोणी द्यायचे नाहीत. माशाचं हुमण मात्र तिघांनीही दोनदा घेतलं."

आम्हाला वाटलं, ठरलं तर ठरलं. पगाराच्या दिवशी पाकीट उघडलं तेव्हा अर्थ कळला. एकूण रक्कम बांधली गेली होती, आणि ड्रायव्हरला टिकवायला त्याचा भत्ता वाढवला होता. ती वाढ निघाली आमच्या सातजणांच्या भत्त्यातून. निम्मा कापला होता. नोटीस बोर्डावर कारण दिलं होतं, 'संघाच्या हितासाठी'.

आम्ही शूर होतो, म्हणून मालकावर न चिडता ड्रायव्हरवर चिडलो. पुढच्या सामन्यात कुणी त्याला चेंडूच दिला नाही. तो मोकळा उभा राहून हात वर करायचा आणि मी मुद्दाम कप्तानाकडे फेकायचो, जो धावू शकत नव्हता. आम्ही इतके वाईट हरलो की जिंकणाऱ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

सामना संपल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. "काय झालंय सांगा की. माझ्या हाताला काय रोग झालाय काय?"

मी खिशातून माझं पगाराचं पाकीट काढून दाखवलं. त्याने वाचलं, परत वाचलं, आणि खाली सिमेंटवर बसला. त्याला खरंच माहीत नव्हतं. साहेबाने त्याला सांगितलं होतं की वाढ कंपनी देते आहे.

"तुमच्या ताटातलं काढून मला वाढलं म्हणा की," तो म्हणाला. "मला नको असलं. आणि तुम्ही पण कसले, आधी विचारायचं नाही?"

मला फार लाज वाटली. कप्तान नुसता गुडघा चोळत राहिला.

संपाची कल्पना ड्रायव्हरचीच. ज्याचा भत्ता वाढला त्यानेच संप काढायचा, हे माझ्या डोक्यात बसायला दोन दिवस लागले. मागण्या तीन. कापलेला भत्ता परत द्या. पैशांची मर्यादा घालायची तर आम्हाला विचारून घाला. आणि खेळताना झालेली दुखापत कामावर झालेली धरा, कारण कप्तानाचा गुडघा खाणीसाठीच गेला होता आणि कंपनी म्हणत होती तो म्हातारपणाने गेला.

एवढं ठरायला दहा मिनिटं लागली. अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा यावर तीन दिवस गेले. बाहेर राजभाषेवरून गावंच्या गावं भांडत होती, मग आम्ही कसे मागे राहणार?

"मराठीतच," कप्तान म्हणाला. "माका दुसरा काय सांगू नको."

"आमी कोंकणी उलयतात, कोंकणींतच बरोवया," संघातले डिचोलीचे दोघे म्हणाले.

दोन्हीकडून आवाज चढले. ड्रायव्हर बिडी ओढत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कन्नडात लिहू काय? मला येतंय." त्यानंतर दोन अर्ज लिहायचे ठरले, एक मराठीत, एक कोकणीत.

अंतिम सामना शेजारच्या खाणीशी होता. त्यांचेही भत्ते असेच कापले होते, म्हणून ड्रायव्हरने त्यांच्या संघालाही गाठून ठेवलं होतं. पाहुणे म्हणून एक पुढारी आले होते. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही दहाही जण मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसलो. पुढाऱ्यांना वाटलं खेळाची सुरुवात अशीच असते, ते टाळ्या वाजवत राहिले. मास्तरांनी आणखी दोनदा शिट्टी वाजवली आणि मग तेही खाली बसले, कारण त्यांचं मानधन दोन महिन्यांपासून आलं नव्हतं.

साहेब धावत आला. कप्तानाने दोन्ही अर्ज त्याच्या हातात दिले. साहेबाने एक पाहिला, दुसरा पाहिला, आणि हळूच माझ्याकडे वाकला.

"यात काय लिहिलंय?"

इंग्रजी शाळेत वाढलेल्या साहेबाला देवनागरी धड वाचता येत नव्हती. ज्या दोन भाषांवरून आम्ही तीन दिवस एकमेकांशी भांडलो, त्या दोन्ही कागदावर त्याला सारख्याच परक्या होत्या. मला वाचून दाखवावं लागलं. वाचता वाचता माझा आवाज मोठा होत गेला, आणि गुडघ्याच्या मागणीपाशी ढिगावर बसलेल्या कामगारांनी शिट्ट्या मारल्या.

"उद्यापासून खेळ बंद," साहेब ड्रायव्हरला म्हणाला. "नुसता टिपर चालवायचा."

"आजपण तोच चालवून आलोय, साहेब," तो म्हणाला.

खेळ खरोखरच बंद झाला. स्पर्धा मोडली, भत्ता सगळ्यांचाच गेला, मैदानावर टिपर उभे राहू लागले. माझ्या उंचीकडे कुणी लक्ष देईना, तरी काट्यावरची नोकरी राहिली. आईच्या मते आता मी निदान एकाच कामाचे पैसे घेत होतो. वर्षभराने ड्रायव्हर गावी गेला आणि चुलतभावाबरोबर भागीदारीत ट्रक घेतला. निघताना त्याने मला त्याचे बूट दिले. मला होत नव्हते, पण मी घेतले.

एक मागणी मात्र मान्य झाली. खेळ संपल्यावर कुणी नवं जायबंदी होणार नव्हतं म्हणून असेल, कंपनीने दुखापतीची अट लेखी मान्य केली, तीही मागच्या तारखेपासून. कप्तानाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पणजीला कंपनीच्या खर्चाने झालं. मी भेटायला गेलो तेव्हा साहेब सफरचंदांची पिशवी मांडीवर घेऊन खाटेशेजारी बसला होता. दोघेही अवघडले होते. मग साहेब म्हणाला, "त्या हरलेल्या सामन्यात तू डावीकडे का नाही वळलास?"

"ह्या गुडघ्यान?" कप्तान म्हणाला, आणि पांघरूण बाजूला करून त्याला टाके दाखवू लागला.