मागच्या सीटवरची माय

धुळ्याच्या बालगृहात मी कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. दर रविवारी एक ट्रक ड्रायव्हर कुणाकडून तरी मागून आणलेली जीप घेऊन यायचा आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलांना गाडी शिकवायचा. मुलं त्याला वस्ताद म्हणत. जीपमध्ये तो चपला काढून, मांडी घालून बसे. गाडी कितीदा बंद पडली तरी ओरडत नसे. "गाडी सगळं सांगस, तू फक्त आयक," एवढंच म्हणे.

त्यांच्यातल्या एका मुलावर चोरीचा आळ आला होता. त्याच्या हाती आम्ही साधी सायकलही देत नव्हतो. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी वस्तादनं आपली म्हातारी आई मागच्या सीटवर बसवली आणि त्याला म्हणाला, "मनी मायले सोनगीरले बहिणकडे भेटाडी परत लई ये. मी नही येत."

जीप आग्रा रोडला लागली. मी वस्तादला विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटस ना, भाऊ."

जीप परत येईपर्यंत तो उन्हात अनवाणी उभा होता. चपला जीपमध्येच राहिल्या होत्या.

जीप आली. मी पुढे धावलो, तर मुलानं मागच्या सीटकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भाऊ. माय झोपेल शे."