चिंचेपाशी डावीकडे

मशाका सिंगिडाहून पांगनीत आला, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. मोटरसायकलवरून सवाऱ्या न्यायचं काम त्याला जमत होतं. गाव मात्र अजून कळत नव्हतं.

त्या दुपारी मागे म्वानाइदी कळांनी विव्हळत होती आणि तिला धरून तिची मावशी बसली होती.

"सुईणीकडे चल. जुन्या कचेरीपुढे, चिंचेपाशी डावीकडे."

कचेरी गेली, नारळी गेल्या, पण चिंच काही येईना. म्वानाइदीची बोटं त्याच्या खांद्यात रुतत होती. एकाएकी समोर नदीच आली.

"अरे मेल्या, बाळंतपण काय होडीत करायचंय? चिंच मागे राहिली!"

"कुठे होती चिंच, मावशी?"

"ती पडली की! माझं लग्न झालं त्या वर्षी."

मशाकाने गाडी वळवली आणि मावशी ओरडली तिथे, नुसत्या एका भिंतीपाशी, वळला.

सुईणीने म्वानाइदीला आत नेलं. बाळाचं रडणं ऐकू येईपर्यंत तो दाराबाहेर उभाच होता. मग मटकन खाली बसला.

आज त्याचे केस पिकलेत. नव्या पोरांना तोही चिंचेपाशीच वळायला सांगतो. फक्त आधी बजावतो, "ती शोधत बसू नका."